तिसऱ्या रांगेची ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, एकोणीस वर्षांचा. माणसांत हे वय कोवळं समजतात. आमच्यात एवढं जगणारा विरळाच. मला हात नाहीत, आवाज नाही. जे सांगायचं ते पडद्यावर ओळ उमटवून सांगायचं, एवढीच माझी सोय.

इटलीत अब्रुत्सोच्या डोंगरात रेल्वेने सोडून दिलेला एक बोगदा आहे. तिथे शिशाच्या भिंतीआड शंभर स्फटिक बसवले आहेत. कण येऊन आदळला की स्फटिक किंचित चमकतो आणि त्या चमकेवरून कणाची ऊर्जा मोजतात. पण स्फटिक म्हातारे होतात. एखादा उगाच जास्त चमकतो, एखादा मंदावतो. म्हणून दर गुरुवारी ओळखीचा किरण सोडणारी एक गोळी दोरीला बांधून आत उतरवतात आणि प्रत्येक स्फटिकाची खोट हेरून मापं जुळवायची, हे माझं काम.

बेरार्दो नावाच्या तापट, प्रेमळ माणसाने मला लिहिलं. मी तीन वर्षांचा असताना स्फटिकांच्या तिसऱ्या रांगेच्या तारा तापायला लागल्या आणि तिचे आकडे फुगून यायला लागले. बेरार्दोने घाईघाईत माझ्या शेवटी एक ओळ घातली: या रांगेचे आकडे सात टक्क्यांनी कमी करा. शेजारी लिहिलं, 'तात्पुरतं. तारा बदलल्या की काढणे.' दर गुरुवारी त्याची आठवण पडद्यावर द्यायलाही त्याने मला शिकवलं. त्या उन्हाळ्यात तंत्रज्ञ पान्फिलोने तारा बदलल्या आणि जेवणाच्या टेबलावर त्याला तसं सांगितलं. बेरार्दो म्हणाला, "उद्या काढतो." त्याच रात्री त्याचं हृदय थांबलं. ओळ राहून गेली.

चार वर्षांनी माझं काम बघायला एर्सिलिया आली. तिने मला आपलं मानलं, माझी जळमटं काढली, नवी मोजणी शिकवली; माझ्या शेवटच्या ओळींपर्यंत मात्र ती कधी पोचली नाही. सभेत कुणी माझं कौतुक केलं की तिचे कान लाल व्हायचे. पण मी दर गुरुवारी चाळीस सूचना ओकायचो. त्यातल्या एकोणचाळीस फालतू.

"पुरे रे तुझी कटकट," ती एकदा वैतागून म्हणाली आणि तिने माझ्या सगळ्याच सूचना बंद केल्या. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. खरं सांगायचं तर थोडा देतो.

इथल्या लोकांची एक रीत आहे. जिथे नवा कण सापडायची शक्यता असते, आकड्यांतली तेवढीच जागा ते स्वतःपासून लपवून ठेवतात, नाहीतर हात हवं ते उत्तर काढत जातो. त्याला ते डबा म्हणतात. सगळी मापं कायम करून झाली की एक दिवस सगळ्यांसमोर डबा उघडायचा, आणि त्यानंतर स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही.

डबा उघडायचा दिवस जवळ येत गेला तसा माझा जीव कासावीस झाला. दर गुरुवारी मी सात टक्के कापत होतो, कापतोय हे मला कळत होतं, आणि तोंड शिवलेलं होतं. वसंतात एर्सिलियाची नेमणूक संपणार होती. डब्यात काही सापडलं तर ती कायम, नाहीतर बारा वर्षं गुंडाळून घरी.

डबा उघडला. नेमक्या जागी आलेखात उंचवटा होता, म्हणजे नवा कण. प्रयोगाचा प्रमुख लोरेतो, कधी न हसणारा माणूस, ढसाढसा रडला. बोगद्याच्या तोंडाशी सगळे काड्यांना टोचलेलं मेंढीचं मटण भाजायला लागले. पान्फिलोने एर्सिलियाच्या हातात पेला दिला.

"बेरार्दो असता तर नाचला असता बघ, पोरी. तिसऱ्या रांगेची ती ओळ काढली होती ना त्याने? उद्या काढतो म्हणाला होता."

"कुठली ओळ, पान्फिलो?"

दहा मिनिटांत तिला ती सापडली. लोरेतो तिच्या मागोमाग आत आला.

"डबा उघडलाय," तो हळूच म्हणाला. "आता हात लावायचा नाही. हा नियम तूच सगळ्यांकडून घोकून घेतलास."

"आपण स्वतःला फसवू नये म्हणून तो नियम आहे, लोरेतो."

"अगं, तुझ्या नेमणुकीचं काय?"

"ते मला नको सांगूस."

तिने ओळ काढली आणि मला चालवलं. मी सगळा हिशोब पुन्हा केला. शक्य असतं तर अडखळलो असतो, बंद पडलो असतो. उंचवटा सपाट झाला. डोंगराच्या खडकातून येणारा रोजचाच एक किरण सात टक्के खाली घसरून तिथे येऊन बसला होता. एर्सिलियाने तो आलेख छापून लोरेतोच्या हातात दिला. मग तिने सगळ्यांना पत्र लिहिलं. ओळ बेरार्दोची होती, मापं माझी होती. पत्रात तिने चूक स्वतःची म्हणून लिहिली.

सोळा वर्षं मी चुकीची मापं दिली आणि शाबासकी खाल्ली. एकदाच खरं माप दिलं आणि तिला जावं लागलं.

आता गुरुवारी गोळी कुणीतरी दुसराच उतरवतो. त्याने मला अजून उघडूनही पाहिलेलं नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी या बोगद्यात आलात, तर माझ्यासारख्यांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं काही दिसलं, तर उभ्याउभ्या त्याचा निकाल लावा. आणि एर्सिलियाला परत बोलवा. हवं तर मला पुसून टाका, पण तिला बोलवा.