सुन्नाआत्याची पोलादी दांडी

सुन्नाआत्या सत्तावीस वर्षं किनाऱ्यावरच्या बोटींच्या कारखान्यात काम करून पठारावर परत आली, तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांच्या दोन पिशव्या होत्या आणि नऊशे किलोंचा, धातू कातायचा एक जुना लेथ होता. रस्ता संपेपर्यंत लेथ ट्रकमधून आला. पुढं गोठलेल्या तळ्यावरून तो स्लेजवर घालून दोन बर्फगाड्यांनी ओढावा लागला. एक गाडी मी चालवली, दुसरी शेजारीण रिस्तेननं. बाबा काठावर उभे राहून बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "लोक म्हातारपणी गावी येताना चार रेनडिअर घेऊन येतात. तू लोखंड घेऊन आलीस. चावून खाणार का?"

"दात शाबूत आहेत माझे, योव्न्या. तुझे मोज."

बाबा आमच्या कळपाचे म्होरके. पाच घरांची मिळून दोन हजार जनावरं. हिवाळा पठारावर, आणि एप्रिलात गाभण माद्या वाट धरतात ती थेट समुद्रापर्यंत. त्या निघाल्या की माणसानं निघायचं. त्यांना थांबा म्हणता येत नाही. पूर्वी आमचे आजोबा हे सगळं स्कीवर करायचे, आता बर्फगाडीवर होतं. त्यामुळे गाडी मोडली की माणूस अडलाच.

आणि गाड्या मोडायच्या एकाच जागी. सीटखाली रबरी पट्टा फिरतो. पट्ट्याच्या आतला सांगाडा गाडीला ज्या आडव्या दांडीवर टांगलेला असतो, ती दांडी म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी. दोन्ही टोकांना एकेक बोल्ट, तोही बोटाच्या पेरापुरताच आत गेलेला. हजार उंचवटे झाले की बोल्ट सैल पडतो, मग आटे खातो, मग तुटतो. सांगाडा एका बाजूला लोंबतो, पट्टा अडकतो, आणि माणूस शिव्या देत उतरतो. नवी नळी मागवली की तीन आठवडे. ती पुढच्या वर्षी पुन्हा तुटणार.

आत्यानं माझी तुटलेली नळी हातात घेऊन फिरवली. "हे कुणी केलं?"

"कंपनीनं."

"त्या माणसाला थंडीत बसवलं पाहिजे दोन तास."

तिनं नळीच्या जागी भरीव पोलादाची दांडी कातली. दोन्ही टोकं जरा बारीक केली, म्हणजे ती गाडीच्या भोकात घट्ट बसतील. मधून आरपार भोक पाडलं आणि दोन आखूड बोल्टांऐवजी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब बोल्ट घातला. दिसायला साधी वस्तू, पण पहिलीला दोन दिवस लागले. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायची, मान हलवायची, पुन्हा केसभर कातायची. शेवटी प्रत्येक दांडीच्या कडेला कानशीनं दोन बारीक खाचा आणि खाली आकडा. त्या खाचा म्हणजे तिची लहानपणीची कानखूण, मालक ओळखायला जनावराच्या कानावर कापतात ती. ती किनाऱ्याला गेल्यावर तिची जनावरं बाबांच्या कळपात मिसळली होती, आणि ती खूण गेली वीस वर्षं कुठल्याच रेनडिअरच्या कानावर नव्हती.

फेब्रुवारीअखेर अकरा गाड्यांत तिच्या दांड्या बसल्या. फक्त बाबांच्या गाडीत कंपनीची नळी होती. "मला घरगुती औषध नको," ते म्हणायचे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अकरातली एक तुटली. माझीच.

मी भटकलेल्या सात माद्यांच्या मागावर होतो. थंडी उणे चौतीस. एका घळीतून वर येताना गाडी दगडावर आपटली, खालून कडकन आवाज झाला आणि मी गाडीच्या डोक्यावरून बर्फात गेलो. फोनला रेंज नव्हती. चौदा किलोमीटर चालत घरी आलो. पोचलो तेव्हा भुवयांवर बर्फ होता आणि उजवं मनगट सुजून पावासारखं झालं होतं.

बाबांनी आधी मला बसवलं, गरम रस्सा पाजला. मग म्हणाले, "मोडलीच ना शेवटी? तिला सांग आता, बोटी दुरुस्त कर म्हणावं."

मी आत्याकडे जाणार नव्हतो. तिला वाईट वाटेल म्हणून. पण दुसऱ्या दिवशी रिस्तेननं माझी गाडी ओढून आणली ती सरळ आत्याच्या लेथच्या शेडसमोर. मी गेलो तेव्हा दांडीचे दोन तुकडे टेबलावर होते आणि आत्या भिंग लावून बसली होती.

"मनगट कसंय?"

"ठीक आहे. आत्या, तो दगडच मोठा होता. कुठलीही दांडी तुटली असती..."

"गप्प बस. इकडे ये, बघ." तिनं तुटलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. अर्धं काळपट आणि गुळगुळीत होतं, अर्धं ताजं, खडबडीत, साखरेसारखं चमकणारं. "हे चमकतंय ते काल तुटलं. हे काळं आहे ना, तिथं महिनाभर तडा सरकत होता. रोज थोडा थोडा. दगडाचा दोष नाही."

"मग पोलाद खराब होतं?"

"पोलाद चांगलं आहे. मी इथं," तिनं टोक बारीक होतं त्या कोपऱ्यावर नख ठेवलं, "कोपरा काटकोनात कापला. दिसायला सुबक. पण सगळा ताण तिथंच जाऊन बसतो. इथं गोलाई हवी होती. बोटीच्या पंख्याच्या शाफ्टला मी कधी अशी चूक केली नसती. इथं वाटलं, बारकी वस्तू आहे, चालेल." तिनं तुकडा टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे, आस्लाक. तुझा हात मोडला असता."

त्याच दुपारी तिनं पाचही घरी स्वतः फोन केले. गाड्या बंद ठेवा, दांड्या काढून आणा. लोक वैतागले. निघायला जेमतेम पंधरा दिवस होते.

"सुन्ना, माझी मस्त चाललीय गं!" रिस्तेन म्हणाली. "कशाला उगाच उकरतेस?"

"तुझी कधी तुटेल ते मला माहीत नाही, म्हणून."

"लोक हसतील तुला."

"हसू देत. आण दांडी."

दहाच्या दहा दांड्या आल्या. चारांत भिंगाखाली केसासारखा तडा दिसला, रिस्तेनच्याही. तिनं तो बघितला आणि त्यानंतर ती आत्याला रोज जेवण पोचवायला लागली.

आत्यानं कातायच्या हत्याराचं टोक घासून गोल केलं आणि पहिली नवी दांडी काढली. कोपऱ्यात आता छान वळण होतं, बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. मला वाटलं, झालं काम. पण तिनं आधी एक जुन्या पद्धतीची, काटकोनी दांडी मुद्दाम नवीन बनवली आणि ती लेथच्या जबड्यात एका टोकाला पकडली. दुसऱ्या टोकावर एक बेअरिंग चढवलं आणि त्याला मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजनं भरलेली बादली टांगली. लेथ सुरू केला. दांडी फिरायला लागली, बादली जागच्या जागी थरथरत लोंबत राहिली.

"प्रत्येक फेऱ्याला दांडी एकदा वाकते," ती म्हणाली. "तू वर्षभर उंचवट्यांवर आपटशील, ते ही तासाभरात आपटते."

एक तास चाळीस मिनिटांनी कडकन आवाज झाला आणि बादली जमिनीवर पडली. तुटलेलं तोंड माझ्या दांडीसारखंच होतं, जुळ्यासारखं. आत्यानं घड्याळ बघून भिंतीवर खडूनं वेळ लिहिली. मग नवी दांडी लावली, तीच बादली टांगली.

संध्याकाळ झाली तरी ती फिरत होती. दुसऱ्या दिवशीही. बातमी पसरली आणि लोक कॉफीचे मग घेऊन शेडमध्ये यायला लागले. काम काहीच नाही, नुसतं उभं राहून बादलीकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. मी त्यांना त्या शेडमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

"अजून फिरतेय?"

"फिरतेय."

"विजेचं बिल कोण भरणार?"

"तुझ्या नावावर पाठवू का?"

बाबा तिथंच एका ओंडक्यावर बसले. खिशातून वाळवलेलं मांस काढून सुरीनं कापत राहिले. एक तुकडा त्यांनी आत्याला दिला. असे दोन तास गेले. उठताना त्यांनी विचारलं, "ताई, तू कारखान्यात रोज हेच करत होतीस?"

"याहून मोठ्या शाफ्टवर. तीस माणसं बोटीवर असायची."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यानं हिशेब केला, पंचवीस लाख फेरे. लेथ थांबवून दांडी काढली, भिंगाखाली कोपरा न् कोपरा तपासला. तडा नव्हता. तिनं भिंग खाली ठेवलं आणि पहिल्यांदा हसली. मग लगेच पुढच्या कामाला बसली. अजून अकरा दांड्या काढायच्या होत्या. माझं मनगट बांधलेलं, तरी डाव्या हातानं मी पोलाद कापून देत होतो. शेवटच्या दिवशी बाबा पुन्हा आले आणि दारातच उभे राहिले.

"माझ्या गाडीला एक होईल का?"

"रांग आहे," आत्या मान वर न करता म्हणाली. "तुझा नंबर बारावा."

"पण गाड्या बाराच आहेत!"

"म्हणूनच बारावा."

बाबा हसले, अगदी मोठ्यानं. मग म्हणाले, "आणि एक गोष्ट. यंदा तू आमच्याबरोबर चल. हत्यारं घेऊन. तीस वर्षं झाली तुला वाटेवर येऊन." आत्यानं कोपऱ्यातली हत्यारांची रिकामी पेटी पायानं पुढं ओढली.

आम्ही निघालो ते रात्रीच्या गारठ्यात, कडक बर्फावर. दिवसा ऊन चढलं की बर्फ मऊ पडायचा आणि गाड्या रुतायच्या. अकरा दिवस लागले. दोन पट्टे फाटले, एक स्की वाकली, रिस्तेनच्या गाडीची काच गेली. दांडी एकही तुटली नाही. रोज मुक्कामाला पोचलो की आत्या कॉफी प्यायच्या आधी बारा गाड्यांखाली वाकून बोल्ट तपासायची. बाबा आता आडवे येत नव्हते. उलट "माझी बघितलीस का?" म्हणून मागे लागायचे.

समुद्रापासून एका दिवसाच्या वाटेवर दुसऱ्या कळपाची माणसं भेटली. त्यांचा म्होरक्या निग्गा, बाबांचा जुना प्रतिस्पर्धी. त्यांच्या दोन गाड्या तशाच लोंबत्या सांगाड्यानं पडल्या होत्या आणि माद्या पुढं निघून गेल्या होत्या.

"ऐकलंय तुमच्याकडे दांड्या आहेत," निग्गा म्हणाला. "दोन दे."

"आहेत," आत्या म्हणाली. तिनं चार जादा आणल्या होत्या. "पण मोजल्याशिवाय देत नाही. गाडी आडवी करा."

"अगं बाई, वेळ नाहीये!"

"मग चालत जा. माझा भाचा चौदा किलोमीटर चाललाय. विचार त्याला."

निग्गानं बाबांकडे बघितलं, जणू म्हणत होता, आवर हिला. बाबा पुढं गेले, निग्गाच्या गाडीला खांदा लावून त्यांनी ती कलती केली आणि तशीच धरून ठेवली. आत्या खाली बर्फावर आडवी झाली, मायक्रोमीटर लावला, आकडे पुटपुटले, एक दांडी परत पेटीत ठेवली आणि दुसरी घेतली. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. बाबांनी खांदा बदलला. मी पुढं झालो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. निग्गाची सगळी माणसं बघत होती.

"पक्की बसलीय?" निग्गानं शेवटी विचारलं.

"पंचवीस लाख फेरे," बाबा धापा टाकत म्हणाले. "बादलीसकट. मी स्वतः बसून बघितलंय."

आत्या कपड्यांवरचा बर्फ झटकत उठली. "दोन तास बसला होतास, योव्न्या," ती म्हणाली. "बाकी झोपला होतास घरी." आणि दुसऱ्या गाडीकडे वळली.