भामाबाईची गेलेली चव

ओढ्याच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजाचं. म्हाळू धनगराची मेंढरं चरत चरत सकाळी इंग्रजी मुलखात जात आणि दिवस कलला की मोगलाईत येऊन बसत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. माणसांना मात्र ओढ्यावर नाका होता. अलीकडे हाली रुपया चाले, पलीकडे कलदार. आणि नाक्याच्या जरा आत, वस्तीच्या शिवेवर, शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला होता.

म्हाळूच्या बायकोची, भामाबाईची, चव मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली ती वर्ष झालं तरी परतली नव्हती. तिखट नाही, मीठ नाही, वास तर कशाचाच नाही. जिच्या हातचं कालवण खायला पाव्हणे वाट वाकडी करून येत, तिच्या कालवणातलं मीठ आता म्हाळूला चाखून सांगावं लागे. अर्धी भाकर खाल्ली की ती उठे. बाई वाळून काटकी झाली, तशी म्हाळूच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की ही चव कुठल्या तरी बाजारात अडकून पडली असणार, आणि आपण ती शोधून आणायची. एकदा म्हाळूच्या डोक्यात काही बसलं की ते काढणं देवाच्याही हातात नव्हतं.

मग दोघांचं हिंडणं सुरू झालं. कडा गावच्या बाजारात निखाऱ्यावरचे कबाब झाले, आष्टीला मिरचीची भजी झाली, पलीकडे जाऊन नवा निघालेला चहाही झाला. भामाबाईला सगळं सारखंच. वास नसलेला बाजार म्हणजे झोपेत पाहिलेला बाजार. माणसं तोंडं हलवत, धूर सावकाश वर जाई, सुक्या बोंबलांच्या ढिगापाशी बायका नाकाला पदर लावत आणि ही तिथेच निवांत उभी राही. रंग तेवढे दिसत. पिवळी हळद, तांबडी मिरची, हिरव्या बांगड्या, सगळं कुणी दुसऱ्याच बाईने पाहावं तसं.

प्रत्येक घासाला म्हाळू आशेने तिच्या तोंडाकडे बघे, आणि भामाबाई मनात म्हसोबाला हात जोडून म्हणे, नको रे बाबा, लागू देऊ नको.

त्याला कारण होतं. साथीत म्हाळू बेशुद्ध पडला तेव्हा ती तापल्या अंगाने फरफटत शिवेवर गेली होती. द्यायला घरात कोंबडंसुद्धा उरलं नव्हतं. माझ्या तोंडाची चव घे पण माझं कुंकू राख, असं ती बोलून बसली. उजाडता उजाडता नवऱ्याने पाणी मागितलं, आणि तिला पेज मातीसारखी लागली. देवाने शब्द पाळला होता. आता देवाला दिलेलं परत आलं, तर देवाने दिलेलं परत जाणार, हे काय कुणी समजावून सांगायला हवं? आणि नवऱ्याला तरी ती कोणत्या तोंडाने सांगणार? ती गप्प राहून माती खात होती.

हिवाळ्यात ते जामखेडच्या बाजाराला गेले. एकजण कढईतल्या गुळाच्या पाकात शेव घोळत होता. म्हाळूने गुडीशेव घेतली आणि नेहमीप्रमाणे पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने सवयीने तोंडात टाकला.

गूळ लागला. आधी जिभेच्या शेंड्याला, मग गालफडात. मग सुंठ ठसकली आणि सगळा बाजार एकदम नाकात शिरला. तंबाखू, बोंबील, शेण, भिजलेलं गोणपाट आणि शेजारी म्हाळूची घोंगडी. त्या घोंगडीचा वास आला आणि तिच्या जिवाचं पाणीपाणी झालं. इतकं गोड वर्षभरात काही लागलं नव्हतं, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

म्हाळूने विचारलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. तरी त्याने उरलेली पुडी कनवटीला लावली.

परतीच्या वाटेवर तिने स्वतःची समजूत घातली, की हा इंग्रजाचा मुलूख, आपल्या म्हसोबाचा हुकूम इथे चालत नसेल. ओढा ओलांडला की चव जाईल. ओढा ओलांडला. नाक्यावरच्या शिपायाने गाठोडं चाचपून सोडलं. पाण्याचा वास येतच राहिला, बोरीचा आला, शेवटी शेंदराच्या तेलाचाही आला. म्हसोबापुढे ती खाली बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"चव आलीया मला," ती म्हणाली. "आता तुमी ऱ्हात न्हाई."

म्हणजे वर्षभर आपण हौसेने आपलंच सरण रचत हिंडलो, असं म्हाळूच्या मनात आलं असावं, कारण आधी तो हसला आणि मग त्याचे डोळे भरले. ती पुन्हा नवस बोलणार होती, जन्मभर गोडाला शिवणार नाही म्हणणार होती. त्याने पुडी सोडून तिच्या मांडीवर ठेवली.

"समदी खा," तो म्हणाला. "म्या हितंच बसतो. न्यायचं आसंल तर तुज्या म्होरं नेऊ दे."

काठी टेकून तो देवाच्या समोर बसला. तिने खायला घेतलं. एक तुकडा तोंडात, एक नजर त्याच्या छातीवर. पोटात वर्षाची भूक जागी झाली होती आणि हात थांबत नव्हता, त्याची तिला लाज वाटत होती. वस्तीकडे परतलेल्या मेंढरांची धूळ खाली बसली, दिवस ओढ्यापलीकडे बुडाला. तेवढ्यात म्हाळूची मान पुढे कलंडली.

भामाबाईचा घास तोंडातच राहिला. तिने हात त्याच्या नाकापुढे धरला. ऊन श्वास बोटांना लागला. म्हाळूने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पुडीच्या रिकाम्या पानाकडे पाहिलं.

"समदी खाल्लीस?" तो म्हणाला. "मला येक तुकडा तरी ठिवायचा व्हता."