पुढच्या चाकाची डिस्क

पाण्याचा थेंब सायकलच्या डिस्कवर पसरला नाही. गोळा होऊन थरथरला, चाक जरा हललं तसा घरंगळत कडेला गेला आणि मागे एक बारीक रंगीत रेघ... आकांक्षाने तिच्यावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की तो कशाचा हे मनात यायलाच वेळ लागला – बाबांच्या शर्टाचा, समोरच्या खोलीतल्या शिलाई मशीनचा.

सकाळपासून ती क्रमाने तपासत चालली होती. आधी ब्रेकची वायर – ताणलेली. मग डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड – जाडी भरपूर. मग डिस्क वाकली आहे का, म्हणून चाक फिरवून फटीतून उजेड पाहिला – सगळीकडे सारखा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायची तसं एकेक कारण बाद करत जायचं, उरेल ते उत्तर. तरी ब्रेक आवळला की चाक नुसतं किंचाळत पुढे सरकत होतं. उत्तर आता बोटाच्या टोकावर होतं – तेल – आणि तिला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं. ती थोडा वेळ थांबली – येतंय का काही...

आतल्या खोलीत धर्मराजच्या मोबाईलवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. पायात सळई घालून धाकटा भाऊ पडून होता. “ताई, मी ब्रेक दाबले होते, दोन्ही,” दवाखान्यात तो म्हणाला होता, एकदाच. बाबांनी ऐकून घेतलं नाही. दसऱ्याची संध्याकाळ, देवीच्या टेकडीचा उतार, पोरांची सायकलींची शर्यत – मस्ती, दुसरं काय? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, आणि परवा धर्मराज स्वतःच शेजारच्या सोनूबाईंना म्हणाला, जोरातच होतो मावशी, चुकलंच माझं.

दसऱ्याची सकाळ तिला दिसली, आवाज बंद केल्यासारखी. मशीन, कात्री, इस्त्री, शेवटी सायकल. बाबा उकिडवे बसून एकेकाला पुसताहेत, हळदकुंकू लावताहेत, हातात लांब नळीची तेलाची कुपी. जे जे फिरतं त्याला तेल. चेनला, पायडलला, आणि मग मायेने या दोन चकचकीत चकत्यांनाही, फडक्याने, दोन्ही बाजूंनी. ती स्वतः समोरच झेंडू ओवत होती. किती बरोबर दिसत होतं ते सगळं.

तिने कापसावर स्पिरिट घेऊन डिस्कची एक बाजू पुसली. कापूस काळा झाला. दुसरी बाजू पुसली, पॅड काचकागदावर घासले, मागचं चाकही तसंच केलं, की झालं – ब्रेक लागतील, तेल कुठेच उरणार नाही, धर्मराज जोरात होता एवढंच उरेल. किंवा... किंवा बाबांना सांगायचं. मग उद्या बाबा ती कुपी हातात कशी धरतील? दोन्ही वाक्यं तिने मनात म्हणून पाहिली. कुठलंच जड लागेना.

“काय करून राह्यली गं सकाळधरून?” बाबा दारात उभे होते, गळ्यात टेप. “गल्लीभर आवाज येऊन राह्यला. खोंड तर पाय मोडून बसला, आता सायकल बी रडायला लागली.”

“ब्रेकचा आवाज आहे, बाबा.”

“मंग सांगायचं न्हाई का मला?” ते आत वळले, आणि आले तेव्हा हातात कुपी होती. “दोन थेंब सोडले की गप्प बसती बघ. दसऱ्याला बी बराबर पाजलं व्हतं हिला.”

ते वाकले. तिने डिस्कवर तळहात ठेवला.

“नको.”

“का गं, आकू?”

नळीच्या टोकाशी थेंब जमत होता. तो वास आता अगदी जवळ होता. आतली कॉमेंट्री थांबली होती... कधी थांबली? मॅच संपली, की धर्मराजने बंद केली? बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते, उत्तराची वाट पाहत, जरा हसतच. डिस्कची धार तळहातात रुतली होती. बारीक, अगदी बारीक दुखायला लागलं होतं, आणि दुखणं मनगटाकडून वर सरकत होतं, कोपरापर्यंत, त्याच्याही वर... तिने हात काढला नाही.