वहिनी कोणत्या हाताने लिहिते?

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर खुशाल लावा, पण ओढू नका. माझं कापड आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मी एक जुना सिनेमाचा पडदा आहे. मखमली झालर लावलेला थिएटरातला रुबाबदार पडदा मात्र डोळ्यांसमोर आणू नका हं! मी आपला साध्या मांजरपाटाचा. पिंपरीच्या एका कामगार वसाहतीत १९६४ साली माझा जन्म झाला. गणेशोत्सव मंडळाने कापड आणलं आणि अंबूबाईंनी पायमशिनवर चार पन्हे जोडून मला शिवलं. अंबूबाई मूळच्या मावळातल्या. त्यांचं मशीन आणि तोंड एकाच वेगाने चालायचं. शेवटचा दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "घ्या! एवढ्यात चार जनांची धोतरं झाली असती!"

धोतर न होता मी पडदा झालो, याचा मला फार अभिमान वाटतो.

वर्षातून एकदा, गणपतीत, मला मैदानाच्या मधोमध दोन बांबूंमध्ये ताणून बांधत. दिवेलागण झाली की नंदकिशोर नावाचे गृहस्थ भाड्याचा प्रोजेक्टर घेऊन येत. माझ्या पुढच्या बाजूला पुरुष बसत आणि मागच्या बाजूला बायका आणि मुली. तशी पद्धतच होती. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसे आणि मागे बसलं तरी काही बिघडत नसे. फक्त नावांची अक्षरं मागून उलटी दिसत. त्यावर दरवर्षी तोच विनोद होई. अंबूबाई म्हणत, "आमाला वाचायलाच येत न्हाई, आमाला काय उलटं आन् काय सुलटं!" आणि माझी सगळी मागची बाजू हसायची.

सिनेमाही दरवर्षी एकच. 'उंबऱ्यावरचा दिवा'. मंडळाने दुसरा आणायचं म्हटलं की बायका भांडायला उठत. त्यातली वहिनी त्यांना इतकी आवडायची! नवरा परदेशी, घरात दुष्ट दिराचं राज्य, पण वहिनी डगमगत नाही. अंगणात फळा टांगून गावच्या पोरांना शिकवते, आणि दीर फळा फोडायला येतो तेव्हा त्याच्या अशी सणसणीत थोबाडीत देते की दोन्ही बाजूंनी शिट्ट्या आणि टाळ्या! वसाहतीत कोणाची सून उलट बोलली की "वहिनी बोलली असती का अशी?" आणि कोणी गप्प बसली तरी "वहिनी बसली असती का गप्प?" बिचाऱ्या सुनांनी करायचं तरी काय?

आणखी एक गंमत. मागे बसणाऱ्या बायकांनी पाहिलं होतं की वहिनीचा पदर उजव्या खांद्यावर असतो. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर घेतात. पण वहिनी थोरामोठ्यांच्या घरची, तिकडची रीतच निराळी असणार, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. मग हळदीकुंकवाला सगळ्या वसाहतीत उजव्या खांद्यावरचा 'वहिनी-पदर' सुरू झाला. पुरुषांना वाटलं, बायकांचं काहीतरी नवीन फॅड असेल.

मित्रांनो, मला दोन्ही बाजूंचं सगळं ठाऊक होतं. पण पडद्याला कोण विचारतो?

आता नीलाबद्दल सांगतो. नीला त्या वेळी नववीत होती. तिचे वडील बबनराव बीडकडून येऊन इथल्या एका कंपनीत लेथ मशीनवर लागले होते. घरात आई यशोदाबाई आणि आजी रुक्मिणीबाई. नीला डावखुरी होती. काहीही लिहायचं म्हटलं की तिचा डावा हात आपोआप पुढे यायचा आणि आजी त्यावर फटका मारायची.

"काय करायलीस गं? वहिनीनं कधी डाव्या हातानं लिवलं का? फळ्यावर उजव्या हातानं कशी मोत्यावानी अक्षरं काढती, बघत न्हाईस?"

फटक्याने भागेना तेव्हा आजीने औषध काढलं. जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन ती अभ्यासाच्या वेळी नीलाचा डावा हात कमरेशी बांधून ठेवू लागली. उजव्या हाताने नीलाचं अक्षर गोगलगाईसारखं चालायचं. उत्तरं सगळी डोक्यात, पण घंटा झाली तरी अर्धा पेपर कोरा! आठवीतून तिला कसंबसं वर ढकललं होतं. आणि बबनराव काही आजीच्या विरुद्ध जायला तयार नव्हते. त्यांना वेगळीच भीती होती.

"आमच्या शॉपमधी समदी हँडलं उजव्या हाताची," ते म्हणायचे. "एक डावखुरा होता. सवयीनं हात घातला, बोट गेलं त्याचं. जगच उजव्या हाताचं हाय, पोरी. आताच वळण लाव. सहामाहीत उडालीस तर शाळा बंद, सांगून ठेवतो."

सहामाही परीक्षा गणपतीनंतर लगेच होती.

तुम्ही म्हणाल, पडद्याला घरातलं कसं कळलं? अहो, वर्षभर माझी घडी बबनरावांच्याच घरात, पलंगाखालच्या पेटीत असायची! नीला पेटी उघडून माझ्या घडीत तोंड खुपसून रडायची आणि मला खारट खारट व्हायचं.

त्या वर्षी, म्हणजे १९७७ साली, मैदानाच्या मागच्या अर्ध्या भागात पाण्याची टाकी बांधायला काढली होती. खडी आणि सळ्यांनी जागा भरून गेली. बायकांनी बसायचं कुठे? मंडळात वादावादी झाली आणि शेवटी मधे दोर बांधून सगळ्यांना माझ्या पुढच्याच बाजूला बसवायचं ठरलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. अंबूबाई पुढे येऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई! ह्येचं तोंड ह्या बाजूला हाय व्हय?"

नीला पहिल्या रांगेत आजी आणि आईच्या मध्ये बसली होती. त्या दिवशी चिंधी सोडून डाव्या हाताने लिहिताना ती पुन्हा पकडली गेली होती, म्हणून आजीने तिला हात बांधलेलाच आणला होता. बाकीच्या मुली बघून खुसखुसत होत्या. नीला ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. तिच्या मागून वारा सुटला होता, माझ्या दोऱ्या करकरत होत्या. मला सारखं वाटत होतं, आज काहीतरी होणार.

सिनेमा सुरू झाला. नावं आली. "अय्या, सरळ!" मुली ओरडल्या. मग वहिनी आली, अंगणात फळा टांगला, पोरं जमली. वहिनीने खडू उचलला आणि लिहिलं, 'आई'.

नीला पुढे झुकली. वहिनी लिहीतच होती. 'घर'. 'दिवा'. अक्षरं सरळ, स्वच्छ, वाचता येणारी. आणि खडू होता तिच्या डाव्या हातात!

"आजी!" नीला कुजबुजली. "आजी, हात बघ."

"गप बस. रडायचा सीन आलाय."

"अगं, डावा हात! वहिनी डाव्या हाताने लिहिते!"

आजीने डोळे बारीक केले. तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवे लागले. आणि मग काय गोंधळ झाला म्हणता! नीला उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी डावखुरी आहे!"

पुरुषांच्या बाजूने हशा पिकला. "ए पोरी, खाली बस! तेरा वर्षं बघतोय आम्ही, उजव्याच हाताने लिहिते!" "डोळे तपासून घ्या हिचे!" खरंच सांगतो मित्रांनो, तेरा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर ती डाव्या हाताने लिहीत होती आणि एकालाही दिसलं नव्हतं. ते तिचे डोळे बघायचे, अश्रू बघायचे, फळ्यावरचं वाचायचे. हाताकडे कोण बघतो?

पण आजी हसली नाही. आजीला दिसलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला आणि ती उभी राहून नंदकिशोरांवर गरजली, "ओ यंत्रवाले! रीळ उलटं लावलंय तुमी! आमची वहिनी उजव्या हाताची हाय!"

"आजी, रीळ उलटं बसतच नाही यात," नंदकिशोर वैतागून म्हणाले.

"मग ह्यो पडदा उलटा बांधलाय!"

झालं! सगळ्यांची नजर माझ्यावर. मी कापडाचा म्हणून बरं, नाहीतर घामाने भिजलो असतो. मंडळातल्या दोघांना ते पटलं. "असेल बुवा, घाईत बांधलाय." ते बांबूवर चढले, माझ्या गाठी सोडल्या आणि मला फिरवून उलटा बांधायला लागले. वारा माझ्यात शिरला. मी शिडासारखा फुगलो, एकाच्या हातून सुटलो, आणि टर्रर्र... माझी मधली शिवण हातभर उसवली. अंबूबाई किंचाळल्या. तरी त्या भल्या माणसांनी मला ताणून बांधलाच.

"परत लावा तो सीन," कोणीतरी ओरडलं. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

नंदकिशोर पुटपुटत रीळ गुंडाळायला बसले. तेवढा वेळ नीला तशीच उभी होती. बबनराव दोराजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "काय तमाशा लावलास? खोटी पडलीस तर उद्यापास्नं शाळेचं नाव काढायचं न्हाई." नीला म्हणाली, "आणि खरी ठरले तर?"

दिवे गेले.

वहिनी आली. फळा आला. मी उलटा होतो, फाटलेला होतो, पण प्रकाश तोच होता ना! वहिनीने खडू उचलला. डाव्या हाताने. 'आई'. डाव्या हाताने. 'घर'. डाव्या हाताने. मग दीर आला, वहिनी वळली आणि तिने दिली थोबाडीत, तीही डाव्याच हाताने! या वेळी कोणी टाळी वाजवली नाही.

"न्हाई," आजी म्हणाली. "ही आमची वहिनी न्हाईच."

आणि तेव्हा, मित्रांनो, यशोदाबाई बोलल्या. सासूपुढे त्यांनी कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. सासूच्याच सांगण्यावरून त्या दिवशीही त्यांनी उजव्या खांद्यावर वहिनी-पदर घेतला होता.

"आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तिचा पदर बघा."

आजीने पाहिलं. सगळ्या बायकांनी पाहिलं. वहिनीचा पदर डाव्या खांद्यावर होता. तुमच्या आमच्या घरातल्या कुठल्याही बाईसारखा.

"अक्षरं उलटी दिसायची ना आपल्याला मागून," यशोदाबाई म्हणाल्या, "तसंच समदंच उलटं दिसत होतं. पदर बी, आन् हात बी."

मग अंबूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् आमी येड्यावानी उजवीकडं पदर घेऊन मिरवतोय! गावाकडं माजी जाऊ इचारत हुती, मुंबईची फॅशन हाय का म्हून!" बायकांच्या बाजूला असं हसू फुटलं की पुढचे संवाद कोणाला ऐकूच आले नाहीत. अंधारात भराभर पदर बदलल्याची सळसळ मात्र मी ऐकली.

आजी हसली नाही. तिने नीलाच्या कमरेशी हात नेला. गाठ घट्ट बसली होती, तिच्या म्हाताऱ्या बोटांना सुटेना. दोराच्या पलीकडून बबनराव वाकले आणि त्यांनी ती सोडवली.

"मी दरसाल पुढंच बसतो," ते म्हणाले. "मला कसं दिसलं न्हाई?"

"बाबा, सहामाहीचा पेपर डाव्या हाताने लिहू?"

बबनरावांनी आजीकडे पाहिलं. आजीने नाक ओढलं. "लिव. पर जेवताना न्हाई हां! जेवताना वहिनीचा बी उजवाच असंल." आणि ती चिंधी तिने स्वतःच्या कमरेला खोचली, कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

नीलाने सहामाहीत पहिल्यांदा सगळे पेपर पूर्ण केले. घरी आली तेव्हा तिच्या डाव्या तळहाताची कड शाईने निळीशार झाली होती आणि ती धुवायला तयार नव्हती. ती सगळ्या विषयांत पास झाली. बबनरावांनी अजून एक अट घातली होती, कारखान्यातल्या मशीनच्या वाटेला जायचं नाही. नीला म्हणाली, ते बघू दहावीनंतर!

माझी उसवलेली शिवण तिनेच घातली. अंबूबाई म्हणाल्या, मी घालते मशीनवर, पण नीला ऐकेना. सुई डाव्या हातात धरून तिने हातभर टाके घातले. ते इतरांच्या टाक्यांपेक्षा उलट्या बाजूला झुकलेले आहेत.

आता १९८२ साल आहे. वसाहतीत टीव्ही आले आणि मला कोणी बांधत नाही. परवा मंडळात बोलणं चाललं होतं, मला फाडून मूर्ती पुसायला फडकी करावीत. मित्रांनो, तक्रार नाही. जुन्या कापडाचं आणखी काय होणार? पण फाडायच्या आधी मला एकदा उजेडात धरा आणि दोन्ही बाजूंनी नीट बघा. बाजूच्या शिवणी खुशाल उसवा. मधल्या शिवणीतला तो हातभर तुकडा मात्र कापून नीलाला द्या. ती तालुक्याला शिक्षिकेचा कोर्स करते आहे, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहणार आहे. फळा पुसायला तिला एक फडकं लागेलच.