बिनकागदाची तीन वर्षं

गेझिमने माझी बारा वर्षं एका वाक्यात उडवून लावली.

"काकू, ग्रीसचं नावच काढायचं नाही," तो म्हणाला. ग्रीसच्या सीमेअलीकडच्या आमच्या कोर्चा गावात, बाजारात त्याचं एवढंसं ऑफिस आहे. कॅनडा, जर्मनी, ज्याला जिथं जायचंय तिथले अर्ज तो भरून देतो. "आधीचे परवाने विचारलेत ना, तिथं 'नाही' टाकू. एवढी वर्षं तुम्ही इथंच होतात. गृहिणी."

"गृहिणी? मग तिकडच्या पैशावर घर कुणी बांधलं? भुतांनी?"

माझा नवरा पेत्रित टेबलाखालून माझा पाय दाबत होता. त्याला एकच दिसत होतं: टोरांटोतली आमची लेक अल्केता आणि तिचा मुलगा. नातवाला आम्ही अजून फोनमध्येच पाहतो. कायम राहायचा परवाना मिळाला तर त्यांच्याजवळ जायचं, अर्ज फसला तर दार बंद.

"तुमचे ग्रीसचे परवाने मारियाच्या नावाचे," गेझिम समजावत होता. "पासपोर्ट तुमच्या खऱ्या नावाचा, मेरुशेचा. ही मारिया तुम्हीच कशावरून, असं विचारतील. आणि पहिली तीन वर्षं तर परवानाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, काकू."

"खरंच गं, हात दाखवून अवलक्षण कशाला?" पेत्रितने री ओढली.

मी भडकलेच. मारिया हे नाव काही मी हौसेनं घेतलं नव्हतं. तिकडे ग्रीसमध्ये, आर्गोसच्या संत्र्याच्या बागेत पहिल्याच दिवशी स्तामातिस मालक म्हणाला, तुझं नाव कोण उच्चारत बसणार, आजपासून तू मारिया. पुढे परवान्याचा अर्जही त्यानंच भरला, तेच नाव घालून. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना असं एकेक नाव चिकटलंय. पेत्रित स्वतः तिकडे पेत्रोस होता. लग्नाकार्यात आम्ही त्यावर पोट धरून हसतो. पण हसायला चालतं म्हणून ती वर्षंच पुसून टाकायची? त्या बागेत माझी कंबर गेली.

"सगळं लिही," मी गेझिमला म्हटलं. "पुरावा मी आणते."

पुढच्याच आठवड्यात मी बसनं आर्गोसला गेले. मालक चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसला होता. ऐंशीला टेकलेला, पण आवाज तोच.

"मारिया! म्हातारी झालीस की गं!" त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली, वर संत्र्याच्या सालीचा मुरांबा. काम ऐकल्यावर म्हणाला, "एवढंच ना? आण कागद." आणि लिहायला लागला, मारिया माझ्याकडे कामाला होती.

"जिला मी मारिया म्हणत होतो ती मेरुशे, असं लिहा."

"अवघड नाव आहे गं तुझं."

"झाडावरच्या झाडून सगळ्या किडींची नावं तुम्हाला पाठ आहेत, मालक. माझं तर एकच आहे."

बाजूच्या टेबलावरचे म्हातारे हसले. त्यानं मेरुशे लिहिलं, पण कामाला लागल्याचं साल घातलं ते परवाना मिळाल्याचं.

"आणि आधीची तीन वर्षं?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "ते सोड. बिनकागदाची माणसं ठेवली, हे मी माझ्या हातानं लिहून देऊ? आहे ते घे आणि जा."

बाहेर येऊन मी पेत्रितला फोन लावला. "अगं घे की! घे आणि ये," तो ओरडला. "तीन वर्षांनी काय बिघडतंय?"

क्षणभर मलाही वाटलं, घ्यावं. नातू डोळ्यांपुढे आला. पण त्याच तीन वर्षांत पोलिसांची गाडी दिसली की मालक शिट्टी मारायचा आणि आम्ही पाटाच्या पाण्यात आडवं व्हायचो. शेवटच्या वर्षी तर अल्केता पोटात होती. ते काय मी स्वप्नात पाहिलं होतं?

मी आत गेले, मालकासमोर खुर्ची ओढली आणि धरणं धरून बसले. येईल त्याला सांगत होते, "मी मेरुशे. यांच्याकडे तीन वर्षं बिनकागदाची राबले." औषधवाला आला, त्याला सांगितलं. पाद्री आला, त्यालाही. मालक लालबुंद झाला, पण उठेना. उठला असता तर पळाला म्हणाले असते.

दुपार कलल्यावर शेजारचा एक म्हातारा वैतागला. "अरे स्तामातिस, लिही ना एकदाचं! सगळ्यांच्याच बागेत होती ही माणसं. तुला एकट्यालाच फासावर देणारेत का?"

मालकानं पेन उचललं. सरकारी केंद्रात जाऊन सहीवर शिक्का घेईपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडला नाही.

गेझिमने तो कागद वाचून कपाळाला हात लावला आणि अर्ज पाठवला. पेत्रित माझ्याशी बोलत नव्हता. एकदा जेवताना मात्र त्याला राहवलं नाही.

"आणि हे वाचूनच ते नाही म्हणाले तर?"

पोराला उचलून घ्यायला माझेही हात शिवशिवतात.

"तर नाही म्हणतील," मी म्हटलं. "एकदा लपून राहिलेय मी, पेत्रित. नातवाच्या घरात लपून नाही राहणार."