शेगडीवरचा पंखा

“ही भिंत बघा. पार डांबर करून ठेवलीत,” मालक म्हणाले. “रंगाचे पैसे अनामतीतून कापावे लागतील.”

मी भिंतीकडे बघतच नव्हतो. शेगडीच्या वर गोल भोक पाडून नवा कोरा पंखा बसवला होता, धूर बाहेर फेकणारा. खोली सोडून आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते.

नऊ वर्षं मी या माणसाच्या मागे लागलो होतो. मी वायरमन. पंखा माझा, मजुरी माझी, तुम्ही फक्त हो म्हणा, म्हटलं. पण यांच्या भिंतीला भोक पडता कामा नये. स्वयंपाकघराला खिडकी नाही. बायको नऊ वर्षं तोंडाला पदर लावून, खोकत रांधत राहिली. आणि परवा आलेल्या जोडप्याला न मागता पंखा! माझा नुसता जळफळाट झाला.

“यांना बरा पंखा मिळाला?”

“अहो, नवीन लग्न झालंय. पोरीला धूर सोसत नाही.”

आम्ही आलो तेव्हा आमचंही लग्न नवीनच होतं. पण बोलून काय उपयोग? नव्या खोलीची अनामत आज संध्याकाळी भरायची होती. तोंड उघडलं असतं तर उरलेले पैसेही अडकले असते. मुकाट्याने पावतीवर सही केली.

तेवढ्यात त्या पोरीने शेगडीवर तवा ठेवला, पंख्याचं बटण दाबलं. सगळा धूर तिच्याच तोंडावर! पंखा उलटा बसवला होता. खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बसा आता खोकत, म्हटलं, आणि निघालो.

जिन्यापर्यंत तिचा खोकला ऐकू आला. आधी दाबलेला, मग एकदम उफाळलेला. अगदी बायकोसारखा. मनातल्या मनात मालकांना एक शिवी हासडली आणि मागे फिरलो. चार स्क्रूंचं काम. पंखा काढून सुलटा बसवला.

“वा, तुमच्या हाताला गुण आहे हो,” मालक म्हणाले. रंगाचे पैसे मात्र कापले ते कापलेच.

बायको नव्या खोलीत फळीवर डबे लावत होती.

“मिळाले?”

“रंगाचे कापले.”

“जाऊ दे. कोण आलंय तिथे?”

“नवीन जोडपं आहे.”

तिचा हात थांबला. “मग तिला सांगितलंत का, तवा ठेवायच्या आधी पुढचं दार उघड म्हणून? मला ते कळायला दोन वर्षं गेली. बिचारी खोकून खोकून बेजार होईल.”

“सांगितलं,” मी म्हणालो आणि पुढचा डबा तिच्या हातात दिला.