डहाळी आली नाही

झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी मी अंगणातली खुर्ची आत आणली, परत बाहेर ठेवली आणि परत आत आणली. आमचे आबिलियो दारात उभे राहून बघत होते.

"खुर्चीला चालायला शिकवतेस की काय?"

"ती आली तर बसेल कुठे?"

"अगं, अंधार पडला. आता कोण येतंय?"

ती म्हणजे कातिया, माझी धर्मलेक. तिच्या बाप्तिस्म्याला फादरांपुढे मीच तिला हातांवर धरलं होतं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. तिला आई होती, पण मलाही ती होती. आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी धर्मलेकरू देवळातून आशीर्वाद घेतलेली डहाळी धर्मआईच्या घरी आणतं. ऑलिव्हची फांदी, रोझमेरी, जमली तर दोन फुलं. मग पुढच्या रविवारी, ईस्टरला, धर्मआई त्याला पाव देते, वर कवचासकट अंडी बसवलेला. आधी डहाळी, मग पाव. कातिया चालायला लागल्यापासून एकदाही चुकली नव्हती. गोवर आला त्या वर्षी तिच्या आईने, झुल्मिराने, तिला कांबळ्यात गुंडाळून माझ्या दारापर्यंत उचलून आणलं होतं. डहाळी मात्र पोरीच्याच मुठीत होती.

झुल्मिरा गेल्या शरदात गेली, झाडांखाली चेस्टनट वेचायचे दिवस होते तेव्हा. ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तेव्हापासून मी शोकाचं काळंच घालते.

आणि आता डहाळी आली नाही.

"फोन कर की तिला," सोमवारी सकाळी आबिलियो म्हणाले.

"करून काय विचारू? डहाळी कुठे राहिली म्हणून?"

"हो. त्यात काय?"

"डहाळी मागून घेतात का कुणी? तुम्ही पण ना!"

ते कॉफी ढवळत बसले. मी मनात मागचे महिने उलटेपालटे करत राहिले. कार्निव्हलला मी तिच्या कापलेल्या केसांबद्दल बोलले होते, तेच लागलं असेल का? औषधांच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणून मी तिला चपला दिल्या होत्या. त्या तिला म्हाताऱ्या बाईच्या वाटल्या असतील का? की आई गेल्यावर तिला माझ्याकडे यायचंच नकोसं झालंय? हा शेवटचा विचार मी ढकलून द्यायची, आणि तो खिडकीतून परत आत यायचा.

त्यात ईस्टरचं जेवण तोंडावर आलेलं. हे जेवण कायम दोन घरांचं. करडू मी करायची, भात झुल्मिरा. वेगवेगळ्या चुलींवर नाही, माझ्याच अंगणातल्या लाकडाच्या भट्टीत. खाली मातीच्या पसरट भांड्यात तिचा भात, त्याच्यावर तमालपत्राच्या झाडाच्या काड्या आडव्या टाकून माझं करडू. करडाची चरबी भातात ठिबकत राहायची. वर्षानुवर्षं असंच. करडाला लसूण, पांढरी वाइन आणि लाल मिरचीची पूड किती लावायची ते माझ्या हातांना माहीत होतं. भातात रस्सा किती घालायचा ते मात्र फक्त झुल्मिराला. ती टवका उडालेल्या जगमधून रस्सा ओतायची आणि मान कलती करून ऐकायची. काय ऐकायची, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला कधीही वेळ मिळेल असंच वाटायचं.

थंडीत कातिया मला म्हणाली होती, "या ईस्टरला भात मी करीन. आईनं शिकवलाय मला." म्हणजे डहाळी नाही तर कातिया नाही, आणि कातिया नाही तर भातही नाही. मी टेबलावर तीन ताटं मांडून बघितली, मग एक उचललं. दोन ताटं त्या मोठ्या टेबलावर इतकी केविलवाणी दिसली की मी तिसरं परत ठेवलं.

बुधवारी कुस्तोदिया अंडी घेऊन आली. आमची शेजारीण. तिच्या जिभेला कधी गंज चढत नाही.

"तुझी धर्मलेक आली होती का गं?"

"कामाला असते ती."

"रविवारी?" ती खुर्ची ओढून बसली. "मी मात्र सुटले बाई. माझ्या धर्मलेकाचं लग्न झालं ना गेल्या उन्हाळ्यात. आता डहाळी नाही, पाव नाही. लग्नापर्यंतच असतं ते. नाही तर म्हातारपणी भट्टीपुढे मरेपर्यंत पीठ मळत बसा!"

"तुला आनंद झालेला दिसतो."

"पाठीला झालाय," ती म्हणाली, आणि माझ्या ताटलीतला बदाम तोंडात टाकला. "तुझं काय ठरलं? पाव करणार की नाही?"

"बघू."

खरं तर मी तेच ठरवू शकत नव्हते. डहाळी आलेली नसताना पाव नेऊन दिला तर त्याचा अर्थ सरळ होता: तू विसरलीस, बघ मी विसरले नाही. तो पाव नव्हे, तो टोमणा. आणि पाव केलाच नाही, आणि रविवारी ती दारात उभी राहिली तर?

गुड फ्रायडेला भट्टी पेटवायची नसते. मासा आणि बटाटे उकडून खाल्ले. आबिलियोंनी तीनदा मीठ मागितलं, तिन्ही वेळा मी साखर दिली. चौथ्यांदा ते स्वतःच उठले.

शनिवारी मी पीठ मळलं. अंडी कांद्याच्या सालांत उकडून तांबडी केली. पीठ कपड्याखाली फुगत ठेवलं आणि दर थोड्या वेळाने कपडा उचलून बघत बसले.

"हा कुणासाठी?" आबिलियोंनी विचारलं.

"घरात पाव लागत नाही का?"

"लागतो. पण घरच्या पावावर तू अंडी कधीपासून बसवायला लागलीस?"

अंड्यांवर पिठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या आणि पाव भट्टीत सारला. चांगला फुलला, मेला. नेहमीपेक्षा चांगला.

ईस्टरच्या सकाळी टेकडीवरून दारूकामाचे बार उडायला लागले तेव्हा मी आधीच अंगणात होते. आमच्याकडे त्या दिवशी क्रॉस घरोघरी फिरतो. लाल झगे घातलेली माणसं, पुढे घंटा, मागे फादर. ज्याच्या उंबऱ्यापुढे फुलं पसरलेली असतात त्या घरात क्रॉस येतो, सगळे त्याचं चुंबन घेतात. फुलं नसतील तर मंडळी पुढे जातात. मी हिरवी बडीशेप आणि रोझमेरी अंथरली, वर कॅमेलियाच्या पाकळ्या टाकल्या. भट्टी तापत होती. करडू काड्यांवर तयार होतं. भाताचं भांडं रिकामं होतं.

कुस्तोदिया गल्लीच्या वरच्या टोकाकडून आली. तिच्या चालण्यावरूनच समजलं की काहीतरी घेऊन येतेय.

"कातियाच्या दारात एक पाकळी नाही!"

"शोक आहे घरात."

"शोकाच्या घरात निदान हिरवा पाला टाकतात, फेलिस्मिना. तू काय आज ओळखतेस का या गावाला? तिच्या दारात काहीच नाही. झाडूसुद्धा मारलेला नाही."

घंटा ऐकू येत होती. नदीकडच्या घरांतून अजून, पण जवळ येत होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: मंडळी झुल्मिराच्या दारासमोरून पुढे निघून जातायत, आणि ती पोर आत एकटी, दार लावून.

मी टोपलीतल्या उरलेल्या पाकळ्या आणि रोझमेरी अ‍ॅप्रनमध्ये ओतल्या आणि अ‍ॅप्रनची टोकं मुठीत धरली.

"कुठे निघालीस?" आबिलियो ओरडले. ते सूट घालून, केस पाण्याने बसवून तयार होते. "क्रॉस येईल आता! घरची बाई नाही असं सांगू का फादरांना?"

"आलेच."

"आलेच म्हणते! करडाचं काय?"

"करडू पळून जाणार नाही."

कारंज्याजवळून मी धावलेच म्हणा. या वयात त्याला धावणं म्हणत नाहीत, पण मनाने मी धावत होते. झुल्मिराचं दार लावलेलं. मी बाजूने वळून मागच्या स्वयंपाकघरात गेले. दार उघडं होतं.

आत एक तरणा माणूस बाह्या वर करून मोरीपाशी तांदूळ धूत होता. टेबलावर झुल्मिराचा टवका उडालेला जग, त्याच्याशेजारी कातिया, पांढरं तोंड करून बसलेली. बोटात अंगठी.

मला बघताच ती उठली. "धर्मआई!"

"हा कोण?"

"हा हेल्देर," ती म्हणाली. "माझा नवरा."

त्या पोराच्या हातातून तांदळाचं पाणी जमिनीवर सांडलं. "नमस्कार, सेन्योरा," तो म्हणाला. पुढे काय करावं ते न सुचून परत तांदूळच धुवायला लागला.

"नवरा?" मी म्हणाले. "कधी?"

"झावळ्यांच्या आधीच्या शुक्रवारी. ब्रागा शहरातल्या कचेरीत. दोन साक्षीदार घेऊन." ती भराभर बोलायला लागली, जणू थांबली तर परत बोलता येणार नाही. "आईनंच सांगितलं होतं, हॉस्पिटलात. म्हणाली, माझ्यासाठी वर्षभर काळं घालून बसू नकोस, करून टाक. पण तू इतकं काळं घालून फिरतेस, धर्मआई, माझ्यापेक्षा जास्त! तुझ्यापुढे कसं सांगू मी?"

"आणि डहाळी?"

ती रडायलाच लागली. "डहाळी लग्न न झालेल्या मुलीनं द्यायची असते ना! झालेलं लपवून तुझ्याकडून पाव घेऊ का मी? मी सकाळी देवळातून डहाळी घेऊन निघाले होते. कारंज्यापर्यंत आले. मग परत गेले. ती तिथंच पाण्यात टाकली."

म्हणजे मी खुर्ची आत-बाहेर करत होते तेव्हा माझी डहाळी चार घरांवर कारंज्यात तरंगत होती. आणि मी आठवडाभर तिच्या केसांचा विचार करत होते.

"म्हणून दाराशी फुलं नाहीत?"

"क्रॉसपुढे उभं राहायचं आणि फादर विचारणार, हा कोण? आज सगळ्या गावाला कळेल आणि तुला सगळ्यांच्या मागून." तिने नाक पुसलं. "भात मात्र मी करणारच होते. क्रॉस तुझ्याकडून पुढे गेला की मागच्या वाटेनं आणून ठेवणार होते."

"ठेवून पळून जाणार होतीस?"

हेल्देर म्हणाला, "मी म्हणत होतो, पळायचं नाही म्हणून."

"तू तांदूळ धू."

"धुऊन झाले."

"मग परत धू."

घंटा आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली होती. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही, पण तो कुठे ठेवायचा ते सुचेना. झुल्मिराने तिला सांगितलं आणि मला सांगितलं नाही, हे टोचलं. मग एकदम दुसरंच काही लक्षात आलं.

"लग्न कचेरीत झालं म्हणतेस?"

"हो."

"देवळात नाही?"

"देवळात आईचं वर्ष झालं की. तुलाच उभं राहायचंय ना माझ्या शेजारी."

"मग कुठे झालं तुझं लग्न?" मी म्हणाले. "कचेरीतल्या माणसाला पाव माहीत आहे का? त्याला डहाळी माहीत आहे? माझ्या लेखी तू अजून बिनलग्नाची आहेस. आणि एक आठवडा उशीर केलास."

ती माझ्याकडे बघत राहिली. हेल्देरला काही कळलं नाही, पण तो हसला.

"माझ्याकडे डहाळी नाही आता," ती म्हणाली.

मी अ‍ॅप्रनची टोकं सोडून पुढे धरली. तिने पाकळ्यांत हात घालून रोझमेरीची एक काडी काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. लहानपणी करायची तशी, मान खाली घालून.

"घे, धर्मआई."

मी ती काळ्या ब्लाउजला खोचली. बाकीची फुलं आम्ही तिघांनी दाराबाहेर टाकली. कशीतरीच. हेल्देर एकाच जागी ढीग करत होता.

"पसर, पसर रे! कोंबड्यांना घालतोयस का?"

मी परत आले तेव्हा क्रॉस माझ्याच अंगणात होता आणि आबिलियो फादरांना काहीबाही सांगत होते. माझ्या छातीवरची काडी बघून ते वाक्याच्या मध्येच थांबले.

"तिच्या बोटात अंगठी होती," नंतर मी लग्नाचं सांगितलं तेव्हा ते हळूच म्हणाले. "मला गेल्या आठवड्यात कॉफीच्या दुकानात दिसली. म्हटलं, झुल्मिराची असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू फक्त डहाळीचं विचारत होतीस."

मंडळी वर झुल्मिराच्या दाराकडे गेली. क्रॉस त्यांच्या घरात जाऊन पुढे निघाला तसे ते दोघं आले. हेल्देरच्या हातात तांदूळ, कातियाच्या हातात जग. तिने भांड्यात तांदूळ पसरला, जग तिरपा केला आणि रस्सा ओतता ओतता मान कलती केली. मीही जवळ जाऊन कान लावला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तांदूळ रस्सा ओढून घेताना होणारा बारीक आवाज आला, आणि तो थांबला तशी ती थांबली.

"एवढाच," ती म्हणाली.

वर काड्या, काड्यांवर करडू, मग भट्टीचं तोंड चिखलाने लिंपलं. टेबलावर चौथं ताट आलं. मी पाव आणून कातियापुढे ठेवला. तिने दोन्ही अंड्यांवरून बोट फिरवलं. नवऱ्याला द्यायला आधी मोडणार की मला, असं मी बघत होते. तिने तो मोडलाच नाही, फडक्यात बांधून शेजारी ठेवला. धर्मआईचा पाव घरी न्यायचा असतो.

"देवळातलं शरदात ठरवू म्हणतो आम्ही," हेल्देर म्हणाला. त्याला वाटलं असेल, मला बरं वाटेल. "चेस्टनटच्या दिवसांत. आईंचं वर्ष झालं की लगेच."

कातियाने त्याला टेबलाखालून पाय मारला. मी रोझमेरीची काडी ब्लाउजमध्ये आणखी आत खोचली.

"घाई काय आहे?" मी म्हणाले. "पुढचा झावळ्यांचा रविवार होऊ दे की."